न जेवणारा पाहुणा
(बॉल पायथनच्या पिल्लाचं खाणं आणि हाताळणी या पुस्तिकेची प्रस्तावना)

सोयाबीनची काढणी लागली की हदगाव तालुक्यात सापाचं नाव दिवसातून दहादा निघतं, आणि रात्री तेच नाव घ्यायचं टाळून माणसं 'लांबडं' म्हणतात. पैनगंगा आणि कयाधूच्या काठच्या काळ्या रानात नाग, घोणस, मण्यार हे चित्रात बघावे लागत नाहीत. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यात बहुतेक माणसं खेड्यातली, रानात राबणारी. अशा मुलखात सापाचं पिल्लू घरात कसं सांभाळावं, त्याला काय आणि किती खायला घालावं, हातात कसं घ्यावं, यावर पुस्तिका काढायची म्हणजे लोक आधी लिहिणाऱ्याच्या डोक्याची चौकशी करणार. ती रास्तच आहे.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो. हदगावात बॉल पायथन पाळू नये, असं माझं मत आहे, आणि त्याची कारणं पुढे येतीलच. पण माझ्या मताला विचारून हा साप कुणाच्या घरात येत नाही. तो मोबाइलवरच्या चित्रफितींतून मनात येतो आणि मग कुठल्यातरी वाटेने पेटीत येतो. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, केक आणि बिस्किटांच्या पुड्यांत दडवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक महसूल गुप्तचर संचालनालयाने पकडले. त्याच वर्षी सप्टेंबरात बेंगळुरूच्या विमानतळावर बँकॉकहूनच आलेल्या बेवारस सामानात ५५ बॉल पायथन निघाले, सोबत १७ किंग कोब्रा आणि मेलेली ६ माकडं. हे पकडले गेलेले. मागणी असल्याशिवाय कुणी बिस्किटाच्या पुड्यात साप भरत नाही, आणि ती मागणी फक्त मुंबई-पुण्याची आहे असं समजण्याचं कारण नाही. घरात येऊन पडलेल्या जनावराचा या सगळ्यात काहीच दोष नसतो. त्याला मराठीत कुणीतरी सावरलं पाहिजे, एवढाच या पुस्तिकेचा उद्देश.

हा साप मुळात कुठला, ते आधी बघू. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ रानातला हा अजगर, सेनेगलपासून युगांडापर्यंत सापडणारा. अजगर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बकरी गिळणारं धूड येतं. हा तसा नाही. मादी साधारण चार-पाच फूट, नर त्याहून आखूड, अंगाने जाड आणि चालीने मंद. अंड्यातून बाहेर पडणारं पिल्लू वीतभरापेक्षा थोडं मोठं, आणि वजन बहुधा ५० ते ८० ग्रॅमच्या दरम्यान. दिवसभर हा उंदरांच्या जुन्या बिळात, वारुळाच्या पोकळीत पडून राहतो आणि अंधार पडला की हलतो. वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे खळगे असतात, त्यामुळे मिट्ट काळोखात उबदार उंदीर त्याला 'दिसतो'. आणि भ्याला की डोकं मधे घालून अंगाचा घट्ट चेंडू करतो. चावण्याच्या आधी लपणं, हा त्याचा स्वभाव आहे आणि त्याच स्वभावामुळे तो जगभरच्या बाजारात गेला. घाना, टोगो आणि बेनिन इथून लाखोंनी पिल्लं निर्यात झाली.

त्याच बेनिनमध्ये विडा नावाच्या गावी या सापाचं देऊळ आहे. तिथे तो मोकळा वावरतो, लोक त्याला अंगाखांद्यावर घेतात, मारणं पाप मानतात. नायजेरियातल्या काही इग्बो गावांत चुकून हा साप मेला तर त्याला माणसासारखी मूठमाती देतात. नागपंचमीला वारूळ पुजणाऱ्या मराठवाड्याच्या माणसाला यात नवल वाटू नये. एका गावात देव, दुसऱ्या बाजारात माल, हा प्रकार आपल्याला मांडुळाच्या रूपाने चांगला ठाऊक आहे. मांडुळाने गुप्तधन सापडतं, त्याची किंमत कोटींत जाते, या थापेपायी मातीत गपगुमान राहणाऱ्या त्या गरीब जनावराचे जे हाल झाले आहेत, ते मराठवाड्यातल्या कुठल्याही सर्पमित्राला विचारावेत.

आता कायद्याचं. इथे आडवळण नको. आपल्या रानातला कुठलाही साप पाळणं हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली गुन्हा आहे. उसात सापडलेलं अजगराचं पिल्लू 'पायथनच तर आहे' म्हणून घरी आणलं तर तो भारतीय अजगर असतो, आणि तो पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. दुसरा धोका कायद्याचा नाही, जिवाचा आहे. अजगराचं पिल्लू समजून माणसांनी घोणस उचलल्याची उदाहरणं सर्पमित्रांना तोंडपाठ आहेत. जाड अंग, आखूड शेपूट, अंगावर ठळक नक्षी, सुस्त पडून राहणं, एवढं जुळलं की अननुभवी डोळा फसतो. मोबाइलवरच्या चित्राशी ताडून ओळख पटवण्याचा खेळ शेतात कुणी करू नये. लांब उभं राहावं, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.

बॉल पायथन परदेशी असल्यामुळे त्याची गोष्ट वेगळी, पण मोकळी नाही. आंतरराष्ट्रीय वन्यजीव व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात तो आहे. आपल्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि या करारातले प्राणी चौथ्या अनुसूचीत आले. त्यानंतर २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्राने नियम काढले आणि असे प्राणी बाळगणाऱ्यांना 'परिवेश २.०' या संकेतस्थळावर नोंद करायला सहा महिने दिले. प्राणी हाती आला, त्याला पिल्लं झाली, तो दुसऱ्याला दिला, तो मेला, सगळं कळवावं लागतं. विकणारा 'कागदाचं बघू नंतर' म्हणाला तर तिथेच व्यवहार संपला असं समजावं. चोरट्या वाटेने आलेलं पिल्लू तहानलेलं, गोचिडीसारख्या माइट्सनी भरलेलं आणि अर्धमेलं असतं, हे वेगळंच.

इथून पुढे मी असं धरून चालतो की पिल्लू कागदपत्रांसह घरात आलेलं आहे.

मराठवाड्यात माया ताटातून कळते. पाहुणा 'पोट भरलं' म्हणाला तरी पानात आणखी एक भाकरी पडते, आणि त्याने हात आडवा धरला तर यजमानाला राग येतो. बॉल पायथनचं पिल्लू हा असा पाहुणा आहे की जो चार-चार वेळा हात आडवा धरतो आणि त्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते यजमानाचं. 'आठ दिवस झाले, काही खाल्लं नाही' या घाबरलेल्या वाक्यापासून पुढच्या सगळ्या चुका सुरू होतात: रोज नवा उंदीर दाखवणं, पेटी उघडून हलवून बघणं, तोंड उघडून कोंबणं. पिल्लं दगावण्यामागे उपासमारीपेक्षा हा उतावीळपणा जास्त असतो, असं माझं निरीक्षण आहे. या पुस्तिकेतली निम्मी पानं काय करू नये यावर खर्च झाली आहेत, त्याचं कारण हे.

दुधाचा विषय एका ओळीत संपवतो, कारण अजूनही विचारणारे भेटतात. साप दूध पीत नाही. गारुड्याने दिवसेंदिवस पाण्याविना ठेवलेला नाग पंचमीला दुधात तोंड घालतो तो तहानेने, आणि ते दूध त्याला पचत नाही, पुष्कळदा त्यातच तो मरतो. बॉल पायथनला ताज्या पाण्याचं जड बूड असलेलं भांडं पुरे.

नवीन पिल्लू आलं की पहिला आठवडा त्याला हात लावू नये आणि खायलाही घालू नये. पेटीत दोन लपणी हवीत, एक उबेच्या बाजूला आणि एक गार बाजूला, दोन्ही इतकी अरुंद की वेटोळं घातल्यावर भिंती अंगाला लागाव्यात. मोठ्या ऐसपैस काचेच्या पेटीत पिल्लू सुखी असेल ही माणसाची कल्पना आहे. बिळात राहणाऱ्याला मोकळी जागा म्हणजे धास्ती. पिल्लाला हवेची भोकं पाडलेला, पक्क्या कड्यांचा मध्यम आकाराचा प्लॅस्टिकचा डबा काचेच्या महालापेक्षा मानवतो. झाकण मात्र घट्ट हवं, कारण बोटाएवढ्या फटीतून हे पिल्लू निघून जातं आणि मग ते शेजाऱ्याच्या न्हाणीत सापडतं. हदगावच्या गल्लीत सापडलेल्या सापाचं पुढे काय होतं, ते सांगायला नको.

आठवड्याने पहिलं जेवण. भक्ष्याची जाडी पिल्लाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढी किंवा किंचित जास्त, वजन पिल्लाच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. म्हणजे ७० ग्रॅमच्या पिल्लाला ७ ते १० ग्रॅमचं उंदराचं पिल्लू. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा इथे लागतो, अंदाज चालत नाही. आठवड्यातून एकदा, संध्याकाळनंतर, उजेड मंद करून. वाढ होत जाईल तसं भक्ष्य मोठं आणि अंतर लांब, पुढे दहा ते चौदा दिवसांनी एकदा. दर तिसऱ्या दिवशी भरवून पिल्लू लवकर मोठं करण्याची हौस काहींना असते. त्यातून लवकर मोठा नाही, लवकर लठ्ठ साप तयार होतो.

उंदीर कुठला, हा आपल्याकडचा सर्वांत नाजूक प्रश्न. शेतातला, गोदामातला, धाब्यावरचा उंदीर कधीही देऊ नये. सोयाबीन-कपाशीच्या पट्ट्यात झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या आणि ब्रोमाडिओलोनची वडी घरोघरी असते. अर्धवट विष खाल्लेला उंदीर सुस्तावतो, म्हणून तोच सहज हाती लागतो, आणि तोच सापाच्या पोटात जातो. शिवाय जंत, माइट्स, रोग. भिंतीवरची पाल पकडून देण्याचा उद्योगही याच यादीत टाकावा. फक्त पैदाशीसाठी पाळलेले पांढरे उंदीर द्यावेत, तेही मेलेले.

मेलेले का, यावर वाद होतो. 'रानात काय मेलेले मिळतात का?' हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण रानात उंदीर पळू शकतो आणि सापही माघार घेऊ शकतो. डब्यात दोघांनाही जागा नसते. भूक नसलेल्या सापासोबत रात्रभर कोंडलेला उंदीर सापालाच कुरतडतो. पाठीचा कणा उघडा पडलेले पायथन त्यातूनच तयार होतात. आणि ही झटापट मोबाइलवर टिपून लोकांना दाखवायची असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. केवळ करमणुकीसाठी एक प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे.

गोठवलेला उंदीर रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा, दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घालून हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवावा. आतून थंड राहता कामा नये, आणि डोक्याकडचा भाग जिवंत उंदराइतका ऊबदार हवा, नाहीतर ओठावरच्या खळग्यांना तो अन्न म्हणून कळतच नाही. उकळू नये, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नाही. पोट फुटतं आणि मग मायक्रोवेव्ह घरातून जातो. एकदा वितळलेला पुन्हा गोठवू नये. फूटभर लांबीच्या चिमट्याने धरून लपणीच्या तोंडाशी हळू हलवावा. पकडला, विळखा घातला की चिमटा सोडून खोलीतून निघून जावं. नाही घेतला तर रात्रभर लपणीपाशी ठेवून सकाळी टाकून द्यावा आणि पुढचा प्रयत्न पाच-सात दिवसांनी.

या सगळ्यात सर्वांत अवघड वस्तू म्हणजे घरातला फ्रीजर. ज्या फ्रीजरमध्ये आजीचा आमरस आणि मटार ठेवलेले असतात, त्यात उंदरांची पिशवी कोण ठेवू देणार? वेगळा लहान फ्रीजर घेण्याची ऐपत नसेल आणि घरातल्या बायकांशी हा विषय काढण्याची छाती नसेल, तर साप घेऊ नये. हे मी गमतीने म्हणत नाही.

आता न खाण्याकडे येतो. पिल्लू खात नसेल तर आधी तापमापी बघावी, साप नंतर. सापाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. ऊब कमी पडली तर गिळलेलं पोटात पचत नाही, सडतं, आणि दोन दिवसांनी दुर्गंधीसह बाहेर पडतं. म्हणून गार वाटलं की पिल्लू शहाणपणाने खातच नाही. उबेची बाजू ३१ ते ३३ अंश, गार बाजू २४ ते २७, रात्री २२ च्या खाली नको, हवेत ओलावा साठ टक्क्यांच्या आसपास. परदेशी पुस्तकं इथे थांबतात, कारण ती थंड देशांत लिहिलेली असतात आणि त्यांना फक्त ऊब द्यायची चिंता असते. आपली चिंता उलटी आहे. मे महिन्यात हदगावात पारा बेचाळीसच्या वर जातो, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त, आणि बॉल पायथनसाठी पस्तीसच्या पुढचा प्रत्येक अंश धोक्याचा. दुपारी दोनला वीज गेली की कूलर बंद, आणि बंद डब्यात कोंडलेलं पिल्लू एका दुपारीत दगावू शकतं.

इथे जुनं माळवदाचं घर कामाला येतं. ज्यांच्या घरी अजून माळवद शाबूत आहे, त्यांनी आतली, खिडकी नसलेली खोली निवडावी. जाड भिंती आणि मातीचं छत दुपारचा कडाका बराच अडवतात. पत्र्याच्या घरात डबा जमिनीवर ठेवावा, भिंतीवरच्या फळीवर नव्हे, भोवती ओलं गोणपाट गुंडाळावं, पण हवेची भोकं झाकू नयेत. बर्फ झालेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून डब्याच्या बाहेर, एका बाजूला टेकवावी. वाळ्याचा कूलर हवेत ओलावाही देतो, तेवढा तो एअर कंडिशनरपेक्षा बरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो, तेव्हा डब्याखाली गरम होणारी चटई लागते, पण थर्मोस्टॅट जोडलेली. थर्मोस्टॅटविना ती चटई सापाचं पोट भाजते, आणि सापाला खालची भाजणी वेळेवर कळत नाही. तो पळत नाही, तिथेच पडून राहतो.

तापमान बरोबर असूनही खात नसेल तर पुढचं कारण बहुधा माणूस असतो: सारखं उचलणं, उजेडात ठेवणं, मित्रांना दाखवणं. तिसरं कारण कात. डोळे दुधाळ-निळसर झाले, अंगाचा रंग मळला, की कात टाकेपर्यंत त्याला एकटं सोडावं, फक्त ओलावा वाढवावा. डोळ्यावरचं कातडं चिकटून राहिलं तर नखाने ओढू नये. हिवाळ्यात मोठे बॉल पायथन दोन-तीन महिने खात नाहीत, हा त्यांच्या देशातल्या ऋतूंचा हिशेब आहे आणि तो आफ्रिका सोडल्यावरही अंगातून जात नाही. पिल्लाची गोष्ट मात्र निराळी. त्याची शिल्लक कमी. त्याचं वजन दर आठवड्याला करावं, आणि दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर डॉक्टर गाठावा. खाल्लेलं ओकलं तर दहा-बारा दिवस काही देऊ नये, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावं. पुन्हा ओकलं तर हासुद्धा डॉक्टरांचाच विषय. तोंडात कोंबून भरवणं घरी करू नये, कोवळा जबडा आणि अन्ननलिका फाटते.

डॉक्टर कुठे आहे, हे साप घेण्याआधी शोधावं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा हात बैल, म्हैस, शेळी यांवर बसलेला असतो, त्यांच्याकडून सापाच्या फुफ्फुसांची तपासणी अपेक्षिणं अन्यायाचं आहे. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विचारणा तिथून सुरू करावी. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकातून बुडबुडे, मान वर ताणून बसणं ही सर्दीची नाही, फुफ्फुसाच्या आजाराची खूण आहे. डासांची कॉइल, फवारे आणि डांबर गोळ्या सापाच्या खोलीत नकोत.

राहिली हाताळणी. पुस्तिकेतला सर्वांत लहान भाग हाच आहे, आणि तो तसाच असावा. दोन-तीन जेवणं नीट झाल्याशिवाय पिल्लाला उचलू नये. जेवल्यावर अठ्ठेचाळीस तास नाही. कात येताना नाही. उरलेल्या दिवसांत आठवड्याला दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटं, बस. हात धुऊन, कारण बोटांना उंदराचा किंवा कोंबडीचा वास असेल तर पिल्लू बोटालाच जेवण समजतं. आणि नंतर पुन्हा साबणाने, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घरात असतील तर हा नियम दुप्पट कडक.

वरून हात घालू नये. आफ्रिकेच्या गवतात वरून येते ती घार किंवा गरुड. बाजूने, हळू, अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवावा आणि दुसऱ्या हाताने शेपटीकडचं वजन घ्यावं. त्याआधी गुंडाळलेल्या कागदाने अंगाला हलका स्पर्श करावा. जेवणाच्या वाटेवर असलेला साप त्याने भानावर येतो. पिल्लू चेंडू झालं तर चेंडू उलगडू नये, तसंच तळहातावर राहू द्यावं किंवा परत ठेवावं. मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली असेल, फूत्कार येत असेल, तर आज नाही. चावलंच तर हात ओढू नये, दात आत वळलेले असतात, ओढल्याने जखम वाढते आणि त्याचे दात तुटतात. विष नाही. शांत राहिलं की तो सोडतो, नाहीतर तोंडावर गार पाण्याची धार सोडावी, जखम साबणाने धुवावी. गळ्यात घालू नये. पिल्लू गळा आवळेल म्हणून नव्हे; घसरून पडलं तर फासळ्या मोडतात म्हणून.

साप आणि शांत माणूस एकत्र राहू शकतात, हे महाराष्ट्राला नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली दाखवून दिलं. पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ते ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. पुढे १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. त्या पराक्रमाची आठवण लोक धाडस म्हणून काढतात. मला त्यातलं वेगळंच महत्त्वाचं वाटतं: त्या तीन दिवसांत त्यांना जवळजवळ काहीच करायचं नव्हतं. हालचाल आवरायची होती. बत्तीस शिराळ्यात पिढ्यान् पिढ्या नाग पकडणाऱ्यांच्या हातात कौशल्य होतं, यात शंका नाही, पण त्या कौशल्याचा शेवट ढोल-ताशांत नाग नाचवण्यात झाला आणि उच्च न्यायालयाला ते थांबवावं लागलं. कौशल्य आहे म्हणून वापरलंच पाहिजे, असं थोडंच आहे.

रंगांबद्दल एक शब्द, कारण खरेदीला निघालेला माणूस आधी रंगच बघतो. १९९२ साली अमेरिकेत पाळीव जोडीतून पांढरे-पिवळे बॉल पायथन जन्मले आणि तेव्हापासून नवनव्या नक्ष्यांची शर्यत लागली. त्यातली 'स्पायडर' नावाची नक्षी दिसायला देखणी, पण त्या सापांची मान डोलते, कधी उलटी फिरते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. तो दोष नक्षीसोबतच येतो, उपचाराने जात नाही. असे साप जाणूनबुजून विकत घेऊ नयेत.

आणि वय. अमेरिकेतल्या सेंट लुईस प्राणिसंग्रहालयात १९६१ साली आलेल्या एका बॉल पायथन मादीने २०२० च्या जुलैत सात अंडी घातली, तेव्हा तिचं वय साठीच्या पुढे असल्याचं संग्रहालयाने सांगितलं. पंधरा वर्षांहून अधिक काळ तिच्याजवळ नरही नव्हता. घरात नीट सांभाळलेला साप वीस-तीस वर्षं सहज जगतो. अकरावीतल्या मुलाने हट्टाने आणलेलं पिल्लू तो नांदेडला, पुण्याला, नोकरीला गेल्यावरही त्याच डब्यात, आईच्या जबाबदारीवर असणार. तेव्हा 'सोडून देऊ पैनगंगेत' हा विचार येईल. तो करू नये. इथल्या उन्हात, हिवाळ्यात आणि कुत्र्यांत तो बहुधा मरेल. न मेला तर त्याच्या अंगावरचे माइट्स आणि आजार आपल्या अजगरांना देईल. नियमाप्रमाणे हस्तांतराची नोंद करून दुसऱ्याला देता येतो, किंवा वनखात्याला कळवता येतं.

पुस्तिकेच्या शेवटी एक तक्ता जोडला आहे. तारीख, वजन, उबेच्या बाजूचं तापमान, गार बाजूचं तापमान, काय दिलं, घेतलं की नाही, कात, आणि कुणी उचललं. शेवटचा रकाना घरातल्या सगळ्यांसाठी आहे. धाकट्या भावाने चोरून उचललं असेल तर तेही लिहायचं. 'घेतलं नाही' असं लागोपाठ तीनदा आलं आणि वजनाचा रकाना जागेवर असला तर काही करू नका. तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात परिवेशच्या नोंदणीचा तपशील लिहायला जागा सोडली आहे. ती आधी भरावी.